उलटे चढणारे काका

जयपूरला दुर्गापुऱ्यात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला तीन मजले उलटे चढून दाखवले. उलटे म्हणजे तोंड माझ्याकडे आणि पाठ जिन्याकडे. एक हात कठड्यावर आणि दुसरा मला पाण्याच्या वेळा समजावण्यासाठी मोकळा. "सकाळी लवकर पाणी येतं, मग थेट संध्याकाळी. गच्चीवर मोर येतात, त्यांना खायला घालायचं नाही, शेफारतात." मला सारखं वाटत होतं, आता हे गडगडणार आणि खोली ठरायच्या आधीच यांना दवाखान्यात न्यायची वेळ माझ्यावर येणार. पण त्यांची टाच प्रत्येक पायरी न बघता बरोबर हुडकत होती. वर पोचल्यावर धाप मला लागली होती, त्यांना नाही.

"काका, तुमच्या पायाला काही झालंय का?" मी शेवटी विचारलंच.

"पायाला काय धाड भरलीय? तू पाहुणी. पाहुण्याला पाठ दाखवायची व्हय?"

मी खोली घेतली. नाशिकहून नोकरीसाठी एवढ्या लांब आलेल्या मुलीला दिवसभर 'मॅडमजी, मॅडमजी' ऐकल्यावर असं कऱ्हाडकडचं मराठी कानावर पडलं, तर ती गळक्या नळासकट खोली घेते. नळ खरंच गळका होता.

काका विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. बदल्यांवर बदल्या करत शेवटी जयपूरला आले आणि इथंच घर बांधून राहिले. त्यांच्या उलट्या चालीमागे एक सिद्धांत होता आणि तो ते कुणालाही, अगदी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या भैयालासुद्धा, सविस्तर सांगत. "देवळातून निघताना आपण देवाला पाठ दाखवतो का? नाही. हात जोडून चार पावलं मागं मागं येतो आणि मग वळतो. मग माणसांनी काय घोडं मारलंय?" यातलं पहिलं वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे. शेवटचं त्यांचं एकट्याचं. आपण ज्या गोष्टी देवळापुरत्या करतो त्या ते चपला घातल्यानंतरही करत राहिले, एवढाच काय तो फरक.

त्यामुळे व्हायचे ते घोटाळे व्हायचेच. निवृत्तीच्या दिवशी म्हणे ते साऱ्या ऑफिसला हात जोडत, मागं मागं चालत बाहेर पडले आणि पाण्याच्या कूलरला धडकून पुन्हा आत आले. हार घालणाऱ्यांना वाटलं, यांचा पाय निघत नाही. रांगेत उभे राहिले की मागच्याकडे तोंड करून उभे राहत. मागच्याला आधी अवघडल्यासारखं होई, मग तो त्यांना आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगू लागे, आणि दोघांचाही नंबर निघून जाई. लिफ्टमध्ये तर कहरच. लिफ्टमध्ये सगळं जग दाराकडे तोंड करून उभं असतं. हे लोकांकडे तोंड करून उभे राहत आणि वर हसत. पुण्याला मुलाकडे गेले होते तेव्हा त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली: बी विंगच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ टक लावून बघतात.

"टक लावून बघत नव्हतो, विचारपूस करत होतो," काका म्हणाले. "त्या पोरानं कानात बोंडं घातलेली, त्याला मी काय करणार?"

या मुलाला काका चिरंजीव म्हणत. तोंडावरही. चिरंजीवांची काळजी खोटी नव्हती. तीन मजल्यांचं घर, लिफ्ट नाही, म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि म्हाताऱ्यानं जिना उलटा चढायचा वसा घेतलेला. पुण्यात त्यानं शेजारचाच फ्लॅट हेरून ठेवला होता. दर रविवारी त्याचा फोन येई आणि दर रविवारी काका विषय बदलून मोरांवर नेत. काकूंना विचारलं की त्या म्हणत, "मला काय, नेतील तिथं जाईन." असं म्हणताना त्या गच्चीवरच्या कढीपत्त्याला पाणी घालत असत आणि ते जरा जास्तच घातलं जाई.

एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खात बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. शहराबाहेरच्या डोंगरात थंडीत एक अर्धमॅरेथॉन होते, एकवीस किलोमीटर, निम्म्याहून जास्त चढ. काका त्यात दर वर्षी पळायचे आणि दर वर्षी शेवटच्या बसमधून परत यायचे. ही बस पळणाऱ्यांच्या मागून येते. तिनं ज्याला गाठलं त्यानं निमूट आत बसायचं, आणि ती वरच्या कमानीशी पोचली की शर्यत संपली. चिरंजीव वैतागून म्हणाले, "बाबा, तो डोंगर तरी एकदा स्वतःच्या पायांनी पुरा करून दाखवा, मग जयपूरला राहायच्या गोष्टी करा."

"ठरलं!" काका म्हणाले.

"अहो, मी आपलं बोलायचं म्हणून—"

"ठरलं म्हणजे ठरलं. पुरा केला तर इथंच. बसमधून आलो, तर बोचकं बांधून तुझ्याकडं."

स्वयंपाकघरातून फोडणी करपल्याचा वास आला. काकूंची फोडणी मी त्याआधी करपलेली पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"आणि ही साक्षीदार," काकांनी माझ्याकडे बोट केलं. "साक्षीदार कसली, ही पळणार पण आहे!"

"मी?" पोहे माझ्या घशात.

"रोज सकाळी ऑफिसच्या बसमागं पळतीस ते दिसतं मला खिडकीतून. फुकट पळण्यापेक्षा नियमानं पळ की."

अशी मी खेळाडू झाले. शाळेत असताना मी लिंबू-चमचा सोडून कशात भाग घेतलेला नाही, आणि त्यातही लिंबू पडलं होतं.

सराव सुरू झाल्यावर मला कळलं की हे दर वर्षी बसमध्ये का बसतात. सपाटीवर काका चारचौघांसारखे पळत, आणि वयाच्या मानानं चांगले पळत. चढ लागला की मात्र गर्रकन वळायचे. "सपाटीवर जो तो आपल्या नादात असतो," ते म्हणायचे. "चढाला मागचा माणूस रडकुंडीला आलेला असतो. त्या वेळी त्याला आपली पाठ बघत बसायला लावायचं? शोभतं का?" मग ते त्या मागच्याकडे तोंड करून उलटे चढत, त्याच्याशी गप्पा मारत, त्याला वर आणत. तो वर आला की त्याच्या मागचा कुणीतरी रडकुंडीला आलेला असायचाच. असं करत करत दर वर्षी ते शेवटच्या माणसापर्यंत पोचत, आणि शेवटच्या माणसाच्या मागे बस.

"या वर्षी कुणासाठी थांबायचं नाही," काकूंनी बजावलं. "मला काय, मी आपलं सांगते."

"नाही थांबत," काका म्हणाले आणि मोरांकडे बघू लागले.

उलटं चढणाऱ्या माणसाला समोरचं दिसत नाही, म्हणून सरावात ते काम माझ्याकडे आलं. "काका, डावीकडे गाय." "काका, खड्डा." "काका, वरात." सकाळी सकाळी दूध घ्यायला निघालेले लोक थांबून बघायचे. माकडटोपी घातलेला एक म्हातारा उलटा पळतोय आणि एक मुलगी त्याच्यामागे ओरडत चाललीय. बऱ्याच जणांना वाटायचं, मी त्यांना हाकलतेय. एकदा मी श्वास घेण्यात गुंतले आणि सांगायचं राहून गेलं, तर काका रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उंटगाडीवर अलगद जाऊन बसले. गाडीवाला चहा पीत होता. तो जराही न दचकता म्हणाला, "कठै जाणो है, बाऊजी?"

"बस, ऊपर तक," काका म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी अशी थंडी होती की दात आपोआप वाजत होते. काकूंनी दोघांच्या खिशात एकेक डिंकाचा लाडू कोंबला आणि स्वतः दर वर्षीसारख्या शाल गुंडाळून रिक्षानं वर, शेवटच्या कमानीशी, निघाल्या. "बघायला म्हणून जाते. मला काय." फोन त्यांनी पूर्ण चार्ज केला होता, चिरंजीवांना थेट दाखवण्यासाठी.

पहिले काही किलोमीटर मी अक्षरशः उडत होते. ढोल वाजत होते, अनोळखी बायका गच्चीतून टाळ्या वाजवत होत्या, शाळेतली पोरं हात पुढे करून टाळी मागत होती आणि मी प्रत्येकाला टाळी देत सुटले होते. मला वाटलं, हे तर माझंच काम, इतकी वर्षं उगाच कॉम्प्युटरपुढे वाया घालवली. मग पहिला घाट लागला. पन्नास पावलांत माझं करिअर संपलं. पोटऱ्या दगड झाल्या, तोंडाला कोरड पडली, आणि टाळ्या देण्यात मी किती दम घालवला ते लक्षात आलं.

आणि समोर काका वळले.

"काका, नाही हं! कुणासाठी थांबायचं नाही असं ठरलंय!"

"थांबलोय कुठं? चढतोय की. समोर काय आहे सांग."

आता मला एक कळलं, ते कुठल्याच सरावात कळलं नव्हतं. पुढे माणसाची पाठ असली की थांबता येतं. कोण बघतंय? पण पुढे तोंड असलं, आणि तेही हसरं, आणि ते 'काल रात्री भाजी कुठली केलीस' असं विचारत असलं, की थांबायची लाज वाटते. मी वांग्याची भाजी सांगत सांगत पहिला घाट चढले. दुसरा घाट चढले ते ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करत. आमच्या मागचे दम खात खात एकेक करून बसमध्ये बसले, पुढचे दिसेनासे झाले, आणि शेवटच्या चढाला आम्ही दोघंच उरलो. मागून बस घरघरत येत होती. तिचा ड्रायव्हर काकांचा जुना दोस्त. बसमध्येसुद्धा काका त्याला पाठ नको म्हणून इंजिनावर आडवे बसत, आणि होळीला त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घालत. त्यानं खिडकीतून डोकं काढून आरोळी दिली, "बाऊजी, आपकी सीट खाली रखी है!"

"आज रहने दो, भैया!" काका ओरडले.

पण बस जवळ येत होती, आणि मी संपले होते. मला खरंच रडू येऊ लागलं. माझ्यामुळे या माणसाचं घर जाणार होतं. ते मोर, तो कढीपत्ता, तो गळका नळ, सगळंच. आणि काकू पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून 'मला काय' म्हणणार होत्या.

"काका, वळा," मी म्हणाले. "मला पाठ दाखवा आणि सुटा. तुम्ही पोचाल. मी बसते बसमध्ये, मला काही वाटणार नाही."

"पुण्यात वाईट काय आहे?" काका म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "तू बोलत राहा. समोर काय आहे?"

"चढ."

"तो आहेच. त्याशिवाय?"

मी मान वर केली. वळणाच्या वर, झाडांतून, लाल निशाण फडफडत होतं. देवीचं देऊळ! त्याच्या पुढेच ती कमान. मी आनंदानं किंचाळले, "काका, देऊळ दिसलं! देऊळ!"

काका जागच्या जागी थिजले. दर वर्षी हे वळण त्यांनी बसमध्ये इंजिनावर आडवं बसून पार केलेलं.

"देऊळ? म्हणजे माझी पाठ..."

झालं. आपण काय करून बसलो ते माझ्या ध्यानात आलं. उलटं चढायचं तर पाठ देवीला. सरळ चढायचं तर पाठ मला. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहून एकदा वर बघत होते, एकदा खाली, आणि मागून बस येत होती. मी हात जोडले. "काका, देवी समजून घेईल! नाहीतर मी समजून घेते! कुणीतरी समजून घेईल, पण हला!"

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की मी अजून ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकटीच हसते. ते आडवे झाले. एक खांदा देवीकडे, एक खांदा माझ्याकडे. आणि खेकड्यासारखे, पाय फाकत आणि जुळवत, टुणटुण करत चढू लागले. "कुणालाच नाही पाठ!" ते ओरडले. "चल, कुणालाच नाही!" माकडटोपीचा गोंडा प्रत्येक उडीला उडत होता. मी हसायला लागले. इतकी हसले की पोटात गोळा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसता माझे पाय चालतायत हे माझ्या लक्षातच आलं नाही. मीही आडवी झाले. आम्ही दोघं समोरासमोर, आडवे, अरवलीच्या त्या घाटात उड्या मारत वर निघालो.

मागं बस थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, फडकं काढलं आणि समोरची काच पुसू लागला. बसमधल्या स्वयंसेवकानं शिट्टी वाजवली, तर तो म्हणाला, "शीशा गंदा है, साहब. कुछ दिखता ही नहीं." काच तो इतक्या मनोभावे पुसत होता की मला त्याला तिथंच जाऊन मिठी मारावीशी वाटली.

वळण संपलं. उजव्या हाताला देऊळ, आणि त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर कमान. कमानीखाली काकू, शाल घसरलेली, फोन हातात उंच धरलेला. आता फक्त पळत सुटायचं. आणि काका देवळाच्या पायरीशी खाली बसले.

ते बुटाची नाडी सोडत होते.

"काका!"

"एवढा हात जोडतो गं. दारावरून तसंच जायचं म्हणजे..."

मागं बसचं इंजिन पुन्हा सुरू झालं. काच पुसायलाही काही मर्यादा असते.

"अहो!" कमानीखालून काकू ओरडल्या. "देवी कुठं पळून जात नाही! आधी इकडं या!"

"आलोच, एक मिनिट—"

"मला नाही जायचं पुण्याला!"

एवढा मोठा आवाज काकूंचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कमानीशी उभ्या असलेल्या लोकांनी वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण कळलं सगळं. "ऐकलंत का? मला नाही जायचं! मला इथंच राहायचंय!"

काका उठले. एक नाडी सुटलेली. त्यांनी देवीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ तोंड करून, आम्हा दोघींना पाठ दाखवून, ते पळत सुटले.

इतक्या दिवसांत मी त्यांची पाठ पहिल्यांदा बघत होते. घामानं चिकटलेला शर्ट आणि मानेशी बाहेर आलेली शर्टाची पट्टी. चांगली पाठ होती. ती कमानीखालून गेली आणि काकूंपाशी थांबली. मग मीही गेले, कशी ते मला माहीत नाही, आणि मग बस आली, हॉर्न वाजवत, लग्नघरी आल्यासारखी.

काकू शालीनं डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता काकांच्या सुटलेल्या नाडीकडे बोट दाखवत होत्या. फोनमधून चिरंजीवांचा आवाज येत होता, "आई, अगं आधी का नाही बोललीस?"

"विचारलंस कधी? सगळे यांनाच विचारतात."

चिरंजीव म्हणाले, "राहा, आई. राहा तुम्ही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेऊ."

काका कमानीच्या खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, देवीला पाठ दाखवल्याचं मनाला लागलं. मी शेजारी बसले आणि माझ्या खिशातला लाडू, त्याचा जो काही चुरा उरला होता तो, त्यांच्यापुढे केला.

"नाही गं, देवीचं काही नाही," ते म्हणाले. "मी दुसराच विचार करतोय. इतकी वर्षं चढलो. मागच्याला पाठ नको, पुढच्याला पाठ नको. आणि दर वर्षी ही इथं वर उभी असायची. सगळा डोंगर मी हिलाच पाठ करून चढलो की."

मी उरलेला चुरा तोंडात टाकला. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि तोंडात लाडू होता.

नंतर ते अनवाणी देवळात गेले, हात जोडून मागं मागं बाहेर आले आणि कमानीशी बस लावून दर्शनाला आलेल्या ड्रायव्हरच्या पायावर पाय देऊन उभे राहिले. "माफ करना, भैया," म्हणून त्यांनी त्याला मिठी मारली. माझा तेवढा हेलपाटा वाचला.

पुढे माझीच बदली पुण्याला झाली. याला काय म्हणायचं ते म्हणा. मागच्या थंडीत कामासाठी जयपूरला गेले होते, तेव्हा दुर्गापुऱ्याला जाऊन आले. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे आहेत. नळ अजून गळका आहे. काका अजूनही पाहुण्याला उलटं चढूनच वर नेतात. पण काकूंनी वरून हाक मारली की अर्ध्या जिन्यात वळतात, आणि खाली उभ्या असलेल्या आपल्याला खुशाल पाठ दाखवून सरळ वर जातात.